पेलिकनचं सोनेरी कार्ड

वेंडेल स्ट्राउडने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'पेलिकन', उजवीकडे 'लँटर्न'. पेलिकन कंपनीच्या जहाजांवरून त्याच्या आणि डार्लीनच्या एकवीस सफरी झाल्या होत्या. बाविसावी केली की तो सोनेरी वर्गातून हिरा वर्गात चढणार होता. आणि नेमकी आत्ताच डार्लीनला लँटर्नच्या जहाजावर जायची हुक्की आली होती.

"एकदाच रे," ती म्हणाली. "एकवीस वेळा तेच जिने, तोच गालिचा. नाही आवडलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

"तिथे आपल्याला ओळखतं कोण?"

"इथे आपल्या ओकाला गावात तरी कोण ओळखतं?"

हे मात्र वर्मी लागलं. शाळेच्या बसच्या डेपोत तेहतीस वर्षं तो 'मिस्टर स्ट्राउड' होता. निवृत्त झाला आणि सगळीकडे नुसता 'सर' झाला. किराणा दुकानातल्या पोरी तर त्याला 'हनी' म्हणायच्या! आडनावाने हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता, पेलिकनच्या शिडीपाशी कार्डं तपासणारा रमील. कार्ड यंत्राला लावलं की तो हसून म्हणायचा, "घरी स्वागत, मिस्टर स्ट्राउड!" त्या चार शब्दांसाठी वेंडेल वर्षभर वाट बघायचा. ते गेले तर आपण कुणीच नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

तरी बायकोपुढे कुणाचं चाललंय? लँटर्नवर तो तोंड पाडूनच चढला. गळ्यात मात्र पेलिकनचीच निळी फीत, तिच्यावर एकवीस बिल्ले आणि टोकाला जुनं सोनेरी कार्ड.

"दुसऱ्या लग्नाला पहिल्या बायकोचा फोटो गळ्यात घालून आलास की रे!" डार्लीन म्हणाली.

वहीतली उजवी बाजू भराभर भरत गेली. कॉफी पातळ. लिफ्ट उलट्या बाजूला. खोली आवरणारी मुलगी रोज दारात थांबून काहीतरी बोलायची, वेंडेल "बरं, बरं" म्हणत पुढे सटकायचा. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'इथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही.'

तिसऱ्या दिवशी नासाऊ बंदराच्या धक्क्यावर दोन्ही कंपन्यांची जहाजं समोरासमोर लागली होती. लँटर्नवर साडेचारच्या आत परतायचं होतं. बाजारातून येताना उशीर झाला, वेंडेल दुखऱ्या गुडघ्याने झपाझप निघाला, आणि पाय सवयीने वळले ते थेट पेलिकनकडे. डार्लीन पिशव्या सावरत मागोमाग. शिडीपाशी खरोखरच रमील उभा होता.

वेंडेलने छाती काढून कार्ड पुढे केलं. यंत्रावर लाल दिवा लागला.

"नाव काय, सर?" रमीलने विचारलं.

"अरे रमील, मी!"

"हो, सर. पण आडनाव?"

मागच्या बाईने हात लांबवून आपलं कार्ड लावलं. पडद्यावर तिचा फोटो आला, खाली ठळक अक्षरांत नाव. रमील तसाच हसला, अगदी तस्साच. "घरी स्वागत, मिसेस कोवाल्स्की!"

"अय्या, माझी तर पहिलीच खेप!" बाई हरखून म्हणाली.

"वेंडेल," डार्लीन हळूच म्हणाली, "आपलं जहाज ते."

लँटर्नचा भोंगा वाजला. दोघं लंगडत, धापा टाकत पलीकडे पोचली तेव्हा शिडी काढायला माणसं पुढे झालीच होती. त्यांच्या वाटेत खोली आवरणारी ती मुलगी हात पसरून उभी होती आणि अधिकाऱ्याशी हुज्जत घालत होती.

"सांगते ना, दोघंजण यायचेत! मिस्टर स्ट्राउडचा गुडघा दुखतो, ते सावकाश चालतात... ते बघा, आले!"

खोलीत वेंडेल पलंगाच्या कडेवर बसला. डार्लीन शेजारी येऊन बसली. मग त्याने गळ्यातली फीत काढून बाजूला ठेवली, वही उघडली आणि ते कुत्र्याचं वाक्य खोडलं. तिथे काहीतरी लिहायला गेला आणि पेन थबकलं.

"डार्लीन, त्या मुलीचं नाव काय गं?"

"केतुत. तीन दिवस रोज दारात उभी राहून सांगतेय तुला."

वेंडेलने वही मिटली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि तिला शोधायला बाहेर पडला.