मुनीर सरांचं प्रेमाचं इंग्रजी

मुनीर सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला प्लास्टिकच्या खुर्चीवर प्रेम करायला लावलं. खोटं नाही सांगत! डॉक्टर-इंजिनियर घडवणाऱ्या क्लासांनी लातूर गजबजलेलं, आणि यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास एका डाळ मिलच्या मागं. खुर्चीवर ओढणी टाकून सर म्हणाले, "समजा, ही मॅडम हाय. आता 'आस्क आऊट' करा. फिरायला येता का, इतकंच इचारायचं. लाजू नका, खुर्ची मारत न्हाई."

बँकेच्या मुलाखतीची तयारी करायला आलेलो आम्ही. पण एकेकानं उठून खुर्चीला मागणी घातली. हसून हसून पोट दुखलं.

'फॉल फॉर', 'ब्रेक अप', 'मेक अप', 'सेटल डाऊन'. जीव जडणं, तुटणं, भांडण मिटवणं, संसार थाटणं; महिनाभर हेच. "सर, मुलाखतीत हे कोण विचारतंय?" असं कुणी म्हटलं की सर चष्मा कपाळावर चढवायचे. "नोकरी लागंल हो बेटा. पण घरी आल्यावर बोलणार काय?"

नुसतं शिकवून थांबतील तर शप्पथ! क्लासमधल्या कुणाची बायको रुसून माहेरी गेली, की सर त्याला स्कूटरवर घालून थेट सासरवाडीच्या दारात सोडायचे. वर दम द्यायचे, "पॅच अप केल्याबिगर परतायचं न्हाई!"

आणि यांची स्वतःची बायको? नसीमचाची भांडून उदगीरला माहेरी गेल्या, त्या तिकडंच राहिल्या. तलाक नाही, काही नाही. न्यायला आले तर येईन, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल, असं सरांचं. मला भयंकर राग यायचा. एकदा बोललेच, "जगाला शिकवता सर, मग तुम्ही का नाही विचारत?"

सर फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

ते दिवस आठवले की अजून जीव तिकडं ओढतो. पुढं मला नोकरी लागली आणि गेल्या वर्षी बदली झाली नेमकी उदगीरला. एका रविवारी भाजी घेऊन येताना चहाच्या टपरीवर सर दिसले. पार वाळले होते.

"दर रविवारी येतो बेटा," ते ओशाळून म्हणाले. "चहा पितो, शेवटच्या गाडीनं जातो." टपरीसमोरच चाचींचं घर.

"दार वाजवलं का कधी?"

"हिंमत होत न्हाई. न्हाई म्हणली तर?"

त्यांचा हात धरून अक्षरशः ओढत नेलं आणि दार मीच वाजवलं. चाची बाहेर आल्या. केस पांढरे झालेले. सरांच्या तोंडून इंग्रजी सोडा, मराठीसुद्धा फुटेना.

चाचींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग टपरीकडं.

"तो चहात साखर लई टाकतो," त्या म्हणाल्या. "शुगर झालीय म्हणं तुम्हाला. दर रविवारी खिडकीतून बघून राहिले मी. आत या आता."