चहाची ओल

अनुदान कसं मिळवायचं ते मला विचारा. म्हणजे आता विचारू नका, त्या सोमवारच्या आधी विचारायला हवं होतं. तेव्हा मी अख्ख्या ग्रंथालयाला फुकट सल्ले देत हिंडत होतो. "पाहणीला आलेला माणूस काय करतो? बघतो. मग आपण त्याला बघण्यासारखं काहीतरी दाखवायचं. आहे काय त्यात?" असं मी कँटीनमध्ये छाती फुगवून सांगितलं, तेव्हा दोघातिघांनी माना डोलावल्या होत्या. त्यातला एक जण मानेचा व्यायाम करत होता, हे मला नंतर कळलं.

मी आमच्या ग्रंथालयाचा दुर्मिळ विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली, लोखंडी कपाटं, ओल आलेली एक भिंत आणि मी. कपाटांत जुने नकाशे आहेत, नाटकांच्या जाहिराती आहेत, कोणी तरी कोणाला तरी लिहिलेली आणि कोणीच न वाचलेली पत्रं आहेत. पण माझा जीव अडकलाय तो एका हस्तलिखित मासिकात. फार वर्षांपूर्वी एका गल्लीतल्या शाळकरी मुलींनी ते चालवलं होतं. छापखाना नाही की पैसे नाहीत. दर महिन्याला हाताने लिहायचं, चित्रं काढायची, सुईदोऱ्याने शिवायचं आणि तो एकुलता एक अंक घरोघर फिरवायचा. ज्याने वाचला त्याने समासात मत लिहायचं. "गोष्ट बरी आहे, पण राजकन्या फार रडते." "ही कविता मागच्या महिन्यातही होती." खरं सांगतो, हल्लीची परीक्षणंसुद्धा मला इतकी प्रामाणिक वाटत नाहीत.

या मासिकाचा शेवटचा गठ्ठा मात्र ओलीने पार चिकटून बसला होता. पान उघडायला जावं तर पानाचा भुगा हातात यायचा, म्हणून मी तो उघडणंच बंद केलं. आणि नेमकं त्याच गठ्ठ्यात एका आजींनी लहानपणी काढलेलं चित्र होतं. त्या मुलींपैकी ह्या एकट्याच राहिल्या आहेत. दर सोमवारी काठी टेकत येतात, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसतात आणि विचारतात, "उघडलं का रे?" मी म्हणतो, "अजून नाही, आजी." मग त्या म्हणतात, "बघ बाबा. डोळे आहेत तोवर एकदा बघायचंय." दर आठवड्याला एका म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायचं, हे काम कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

तर हे अनुदान त्यासाठी होतं. तज्ज्ञ बोलावून पानं सोडवायची, एकेका पानाचा चांगला फोटो काढायचा आणि संगणकावर चढवायचं, म्हणजे मूळ कागदाला कोणी हात न लावता सगळ्यांना वाचता येईल. नाही मिळालं तर काय, तेही साहेबांनी सांगून टाकलं होतं. साहेब म्हणजे आमचे मुख्य ग्रंथपाल. "खोली टायपिंगच्या क्लासला जाईल आणि कपाटं गोदामात." गोदामात गेलेली वस्तू परत आलेली आमच्याकडे कोणी पाहिलेली नाही. साहेबांची स्वतःची खुर्ची तिथे दुरुस्तीला गेली आहे आणि ते अजून स्टुलावर बसतात.

पाहणीच्या आदल्या रविवारी मी हे घरी बोललो, तिथेच फसलो. कारण सासूबाई आल्या होत्या.

माझ्या सासूबाई बाळंतिणींच्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या, असं हॉस्पिटलचं म्हणणं आहे. मोठमोठे डॉक्टर त्यांना बघून हात धुवायला पळायचे.

"पाहणी उद्या आणि तुम्ही इथे पाय पसरून बसलाय?" त्या म्हणाल्या.

"आई, सगळं तयार आहे."

"बेसिनखाली बघितलंत?"

"आमच्या विभागात बेसिन नाही."

"म्हणजे तेही नाही," त्या म्हणाल्या आणि पदर खोचायच्या आवेशात उठल्या.

बायकोने मला डोळ्यांनीच 'आता गप्प बसा' म्हणून सांगितलं. तासाभरात आम्ही तिघं बादल्या, फडकी आणि घरातला उरलेला रंग घेऊन ग्रंथालयात हजर होतो. पहारेकऱ्याने अडवायचा प्रयत्न केला, तर सासूबाईंनी त्याच्या नखांकडे नुसतं बघितलं. तो बाजूला झाला.

पुढचं काय सांगू! जाळी गेली, धूळ गेली, कपाटांचा मूळ रंग हिरवा आहे हे मला नोकरीला लागल्यापासून प्रथमच कळलं. बायकोने ओलीच्या भिंतीला रंगाचे दोन हात दिले. खिडकीला पडदा आला. चांगल्या बांधणीची पुस्तकं पुढे आली, फाटकी मागे गेली. संध्याकाळी मी दारात उभा राहिलो आणि मलाच आत जायची भीती वाटली. आता अनुदान कुठे जातंय, असं म्हणत मी घरी गेलो आणि गाढ झोपलो.

सकाळी साहेब खोलीत आले आणि दारातच थबकले. मला वाटलं, भारावले.

"हे काय केलंत?"

"साफसफाई, साहेब."

"अटी वाचल्यात का तुम्ही अनुदानाच्या?"

"वरवर वाचल्या."

"अनुदान धोक्यात असलेल्या संग्रहांना आहे. धोक्यात. शेजारच्या गावातल्या ग्रंथालयात पाइप फुटला, त्यांना पूर्ण रक्कम मिळाली. आणि इथे तर फरशीवर वाढून जेवता येईल." साहेबांचा आवाज रडवेला झाला. "पाहणीच्या बाई बघतील आणि म्हणतील, यांच्याकडेच थोडे पैसे मागू या."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम आजींची रिकामी खुर्ची आली आणि गोदामाचं दार. मी म्हणालो, "साहेब, बाई यायला अजून वेळ आहे. खोली होती तशी करून ठेवतो."

तुम्ही कधी स्वच्छ खोली घाण करायचा प्रयत्न केलाय? सोपं वाटतं. रोज आपोआप होणारी गोष्ट मुद्दाम करायला गेलं की होत नाही. आमची धूळ तर सासूबाईंनी कचऱ्याच्या गाडीत स्वतः चढवली होती. मी गच्चीवर गेलो, सुपलीभर धूळ गोळा केली आणि कपाटांवर भुरभुरली. ती नेमकी गच्चीवरची निघाली, म्हणजे तिच्यात कबुतरांची पिसं होती. भिंतीवर ओल परत आणायची तर नुसत्या पाण्याने डाग पडेना. शेवटी कँटीनमधून चहाची किटली मागवली आणि ब्रशने चहा लावायला घेतला.

साहेब आधी "हे बरोबर नाही, हे बरोबर नाही" म्हणत येरझारा घालत होते. मग हळूहळू त्यांना राहवेना.

"जरा डावीकडे घ्या. ओल अशी सरळ रेषेत येते का कधी?"

"इथे?"

"तिथे गडद करा. कडेला फिकट. द्या इकडे तो ब्रश."

या माणसाच्या अंगात असली कला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वर कळस म्हणजे त्यांनी खोलीच्या मधोमध पाण्याने अर्धी भरलेली बादली आणून ठेवली. गळतीची म्हणून.

परीक्षक बाई वेळेवर आल्या. बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या, खांद्याला एक पिशवी. बोलणं मोजकं. बादलीपाशी उभ्या राहिल्या, आत बघितलं, मग वर छताकडे बघितलं. छत खडखडीत कोरडं होतं. कपाटावरचं पीस चिमटीत उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी आभार मानले. दुसरं काय म्हणणार?

मग त्या भिंतीकडे वळल्या. पिशवीतून ओल मोजायचं यंत्र काढलं आणि डागावर टेकवलं.

"यंत्र म्हणतंय, भिंत जवळजवळ कोरडी आहे."

"यंत्रं हल्ली तशी..." साहेब म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या. त्या जरा पुढे झुकल्या. "पण ओलीला मुंग्या लागलेल्या मी पहिल्यांदाच बघते आहे."

मी बघितलं. खिडकीपासून डागापर्यंत मुंग्यांची शिस्तशीर रांग लागली होती. कँटीनवाला साखर सढळ हाताने घालतो, हे मी विसरलोच होतो. साहेबांनी ब्रशचा हात पाठीमागे नेला.

मग माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, अगदी रविवारपासून. पावसाळ्यात तिथे खरी ओल येते म्हणालो. मला लबाडी करायची नव्हती म्हणालो, आणि हे म्हणताना हातात कबुतराचं पीस होतं. "बाई, काय शिक्षा करायची ती मला करा. पण गठ्ठा तेवढा बघा. तो खरंच मरायला टेकलाय."

"मी भिंती बघायला येतच नाही," त्या म्हणाल्या. "कागद बघायला येते. दाखवा."

मी खालचं कपाट उघडलं. गठ्ठ्याची जागा रिकामी होती!

मी वरचा कप्पा बघितला, मागचा बघितला, सगळी कपाटं उघडली. हिरवा रंग तेवढा छान दिसत होता. साहेब स्टुलावर बसायला गेले आणि स्टूल त्यांच्या केबिनमध्ये असल्याने खाली बसले. मी सासूबाईंना फोन लावला आणि गठ्ठ्याचं विचारलं. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं आणि त्यांचा आवाज खोलीभर घुमला.

"तो होय? तो इथे आहे, माझ्या कपाटात. शांत पडलाय."

"आई, तो तिथे कसा गेला?"

"मीच आणला. राउंड असला की सिरियस पेशंट आपण वॉर्डात ठेवतो का? बाजूला हलवतो. रिपोर्ट खराब होतो."

"अहो, त्यालाच बघायला आल्या आहेत त्या."

"आधी सांगता येत नाही का? आणते."

"दुर्मिळ संग्रहातली वस्तू," साहेब फरशीवरून पुटपुटले, "सासूच्या कपाटात."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि आजींच्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी टायपिंगच्या क्लासची बाकंसुद्धा मांडून टाकली.

सासूबाई टॅक्सीने आल्या. टॅक्सी इतक्या हळू आली की मागे गाड्यांची रांग भोंगे वाजवत होती, आणि आत सासूबाई मांडीवर तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला गठ्ठा घेऊन ताठ बसलेल्या. त्यांच्यामागून काठीचा आवाज आला. सोमवार होता. आजीही येऊन ठेपल्या.

गठ्ठा टेबलावर ठेवला. दुपटं सोडलं तशी डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की परीक्षक बाईंना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. "डांबरगोळ्या कोणी घातल्या?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "मी," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा घालू नका," बाई म्हणाल्या. आणि माझ्या सासूबाई चक्क "बरं" म्हणाल्या. मी हे बायकोला सांगितलं तर तिचा अजून विश्वास बसत नाही.

बाईंनी भिंग काढलं, दिवा जवळ घेतला. गठ्ठ्याच्या कडेचा एक कपटा आपोआप सुटून टेबलावर पडला. त्याच्यावर कोणाची तरी अर्धी ओळ होती. मला मनापासून वाईट वाटलं, आणि अनुदान त्या वेळी डोक्यातही नव्हतं.

आजी टेबलाशी आल्या. "उघडलं का रे?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत परीक्षक बाई उठल्या आणि त्यांना खुर्ची दिली. "तुमचं काय आहे यात?"

"चित्र आहे माझं. मुखपृष्ठावरचं. त्या महिन्यात सगळ्या गल्लीत त्याचीच चर्चा होती." आजींनी गठ्ठ्याला हात लावला नाही, टेबलाच्या कडेला लावला. "पण आता एका डोळ्याने नीट दिसत नाही. दुसरा आहे अजून. लवकर होईल का हो?"

बाईंनी वही काढली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी चहा प्यायला द्या."

अनुदान मिळालं, पूर्ण मिळालं. मंजुरीच्या कागदावर शेरा होता: संग्रह अत्यंत धोक्यात, विशेषतः कर्मचाऱ्यांपासून. साहेबांनी तो शेरा झाकून कागद फ्रेम करून लावला आहे.

तज्ज्ञ आले, आठवडेच्या आठवडे वाफ आणि पातळ सुऱ्या घेऊन एकेक पान सोडवत बसले. फोटो निघाले. सगळं मासिक संगणकावर चढलं. कुठूनही, कोणालाही बघता येईल असं. त्यानंतरच्या सोमवारी मी मोठा पडदा लावला, साहेब आले, सासूबाई घरून आल्या, बायकोही आली. आजींना मधोमध बसवलं. मी मुखपृष्ठ उघडलं आणि भिंतभर मोठं केलं. नदीकाठी उभं असलेलं एक हरीण. रंग अगदी कालचे वाटावेत असे. साहेबांनी रुमाल काढला.

आजी पुढे वाकल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. खूप वेळ बघत राहिल्या.

"हेच का ते?" त्या म्हणाल्या.

"हेच, आजी. खाली तुमचं नाव आहे."

"पाच पाय आहेत रे याला."

आम्ही सगळ्यांनी मोजले. होते.

"आणि हे आता सगळ्यांना दिसतं?"

"सगळ्या जगाला," मी अभिमानाने म्हणालो.

आजींनी माझा हात धरला, जवळ ओढला आणि हळूच विचारलं, "बाळा, ते पुन्हा चिकटवून ठेवता येईल का?"