माझ्या टेबलाचं हवामान

आमच्या जुन्या कॉलेजात गरम-थंड हवेची नवी यंत्रणा बसत होती, तेव्हा इंजिनिअरने मला विचारलं, "तापमान मोजणारा सेन्सर कुठे लावू? माणूस जिथे दिवसभर बसून असतो, अशी जागा दाखवा." मी हेडक्लार्क. प्रामाणिकपणे माझ्या टेबलामागची भिंत दाखवली. (माझ्याइतकं बसून त्या इमारतीत कोणीच नसतं.)

त्याच आठवड्यात समोरच्या हॉलमध्ये विभागप्रमुखपदाच्या मुलाखती होत्या. आमची ही तिथेच रसायनशास्त्र शिकवते. तिने सकाळीच बजावलं, "अहो, हॉल गार होऊ देऊ नका. थंडीत माझे दात वाजतात, तोंडातून शब्द फुटत नाही. आज हे पद हुकलं, तर निवृत्तीपर्यंत त्या दुसऱ्या खडूस उमेदवाराच्या हाताखाली राबायचंय मला."

"तू निर्धास्त जा. अख्ख्या इमारतीचं हवामान माझ्या टेबलावर आहे!"

ती आत गेली आणि धडधड मलाच सुरू झाली. म्हणून टेबलावरची विजेची किटली लावली.

थोड्या वेळाने शिपाई हात चोळत आला. "साहेब, हॉलमध्ये गारठा सुटलाय. प्राचार्यांनी टेबलावरचं कापड पांघरलंय."

"आणि बाई?"

"दात वाजतायत. बाहेर ऐकू येतंय."

"थांब, सगळ्यांना गरम चहा देऊ!" किटली काठोकाठ भरून पुन्हा लावली.

शिपाई हॉलमध्ये पुन्हा डोकावून आला. "साहेब, आता तर बर्फच पडायचा बाकी आहे!"

"मग आणखी चहा!" (संकटात माणूस येतं तेच करतो. मला चहा येतो.)

एवढ्यात इंजिनिअर धावत आला. "अहो महाराज, वाफ सरळ सेन्सरवर जातेय! यंत्राला वाटतंय इमारत पेटली, म्हणून ते जीव तोडून गार हवा सोडतंय!"

मी किटली हिसकून उचलली आणि तशीच हातात घेऊन हॉलकडे पळालो. काचेच्या दारातून बघतो, तर आतले सगळे कुडकुडत माझ्याकडेच बघतायत. मी हसलो. (दुसरं काय करणार?)

यथावकाश ही बाहेर आली.

"गेलं ना पद?" मी चाचरत विचारलं.

"मिळालं."

"अगं, पण तुला तर बोलता येत नव्हतं!"

"त्यांनी विचारलं, बिकट परिस्थितीत काम करायचा काही अनुभव? तेवढ्यात तुम्ही दारात आलात. मी नुसतं बोट दाखवलं."