लाल झडपा

वेर्दिए चित्रकारानं काढलेलं आमच्या बंदराचं ताजं चित्र वाळायला कॅफेच्या भिंतीवर लावलं, तेव्हा देल्फिनबाई रविवारचा काळा पोशाख चढवून बघायला गेल्या. आपलं घर चित्रात मधोमध असणार, हे त्या मासे विकता विकता गिऱ्हाइकांना ऐकवत होत्या. घर मधोमधच होतं. पण खिडक्यांच्या झडपा लालभडक!

आमच्या बंदरात होडी रंगवून उरलेला रंग घराच्या झडपांना लावतात. झडपा पाहिल्या की घर कोणाचं ते कळतं. देल्फिनबाईंच्या झडपा हिरव्या, कारण त्यांच्या दिवंगत नवऱ्याची होडी हिरवी. होडी विकली, पण हिरवा रंग त्यांनी सोडला नाही, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. लाल होडी गावात एकच, विधुर बार्नाबेची.

"अगं, कळवायचंस तरी!" पाववाली क्लोतिल्द म्हणाली. "लग्न कधी?"

"कसलं लग्न? त्या रंगाऱ्याला डोळे नाहीत!"

दुपारी पाद्रीबाबांनी तारीख विचारली. संध्याकाळी मित्रांनी बार्नाबेला दारू पाजली. देल्फिनबाई तडक चित्रकाराकडे गेल्या.

"झडपा हिरव्या करा!"

"बाई, एवढ्या निळ्या-हिरव्यात लाल हवाच. मला वाटतं ते मी रंगवतो."

"तुम्हाला वाटतं ते आता सगळ्या गावाला वाटायला लागलंय!"

चित्रकार घाबरला. झडपांना हात लावायला मन होईना, म्हणून त्यानं चित्रातली बार्नाबेची होडीच हिरवी करून टाकली.

"बघा! तिनं त्याचा रंग घेतला, त्यानं तिचा," क्लोतिल्द म्हणाली. "ठरलंच की!"

देल्फिनबाईंना हे कळेपर्यंत चित्र मार्सेयच्या प्रदर्शनाला रवाना झालं होतं. तेवढ्यात बार्नाबे रंगाचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

"माझ्या होडीनं जन्मात हिरवा रंग पाहिला नाही," तो छाती काढून म्हणाला. "आता चित्र पाहून मार्सेयची माणसं इथं येणार, आणि रंग जुळले नाहीत की आपलं गाव खोटं ठरणार. चालेल तुम्हाला?"

देल्फिनबाईंनी आपल्या झडपांकडे पाहिलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण गाव खोटं ठरणं त्याहून वाईट.

"तो लाल डबा ठेवा इथं," त्या म्हणाल्या. "आत माझा हिरवा आहे, तो न्या. आणि नीट ऐका, हे फक्त चित्रासाठी."

"फक्त चित्रासाठी," बार्नाबे म्हणाला.

पुढच्या वसंतात, चर्चच्या पायऱ्यांवर अंगावर फुलं पडत असतानाही, दोघं सगळ्यांना तेच सांगत होती.