एकटीसाठी सहा पलंग

घर लावणं अवघड असतं असं लोक उगाच म्हणतात. मी माझं पहिलं घर एका बुधवारी, ऑफिसच्या कॅबमध्ये बसून, बंगळुरात व्हाइटफील्डच्या एका सिग्नलला लावून टाकलं होतं. सिग्नल मोठा होता. मोबाइलवर एक्सेल उघडलं, दोन रकाने केले: वस्तू आणि नग. गादी एक. ताट एक. वाटी एक. बादली एक. खुर्ची एक. नगाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता, आणि तो बघून मला जो आनंद झाला तो बारावीचे मार्क बघूनही झाला नव्हता.

कारण त्याआधीची चार वर्षं मी पीजीत काढली होती. पीजी म्हणजे पेइंग गेस्ट, म्हणजे दर महिन्याला पैसे भरायचे आणि तरीही पाहुण्यासारखं अंग चोरून राहायचं. एका खोलीत चौघी. चार वर्षांत मी एकदाही एकटीनं शिंकले नाही. शिंकले की तिघी ‘ब्लेस यू’ म्हणायच्या, त्यातली एक झोपेत.

मग के. आर. पुरमला सोयराबाईंचा पहिला मजला मिळाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडे गॅलरी. सोयराबाई म्हणजे बंगळूरच्या जुन्या मराठी. त्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इथं आले आणि बहुधा ट्रॅफिकमुळे परत जाऊ शकले नाहीत. मी निपाणीची, मला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, म्हणून घर मला मिळालं. अट एकच होती.

“एकटीच ना गं तू?”

“एकटीच, अक्का.”

“मागचा पण एकटाच म्हणाला होता. सहा महिन्यांनी बघते तर अकरा जण. अकरा. टाकीतलं पाणी सकाळी सातला संपायचं. दुसरं माणूस राहताना दिसलं की त्याच दिवशी बाहेर. आईवडील चालतील, तीन दिवस. सरी?”

“सरी, अक्का.”

मागे खुर्चीत त्यांचे यजमान विठोजी अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी मान हलवली. ते बोलत नाहीत. सोयराबाईंबरोबर चाळीस वर्षं काढल्यावर त्यांना वेगळं काही सांगायचं उरलं नसावं.

इथपर्यंत सगळं एक्सेलप्रमाणे चाललं होतं. मग मी घरी फोन करून सांगितलं की मी घर घेतलंय, सामान थोडक्यात आणि स्वस्तात बसवणार आहे.

“काय विकत घेऊ नको,” पप्पा म्हणाले. “आम्ही येतोय.”

माझे पप्पा, कृष्णात, साखर कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण ते अजूनही घरातला चमचा कुणाला देताना कशासाठी पाहिजे ते विचारतात. आयुष्यात त्यांनी कुठलीही वस्तू एक घेतलेली नाही. एक नग म्हणजे त्यांच्या मते स्टॉक नव्हे, संकट.

शनिवारी सकाळी दोघं बसमधून उतरले. दोन पोती, एक पिशवी, पापडांचा डबा. आईनं पोतं उघडलं आणि सहा स्टीलची ताटं काढली. प्रत्येक ताटाच्या काठावर ठसठशीत नाव कोरलेलं. शिवलीला. अंजली. ठकुबाई. ठकुबाई हे नाव तीनदा. सहाव्यावर ‘गिरीराज व रघुजी बंधू’.

“आई, आपलं नाव असलेलं एक पण नाही?”

“आपली त्यांच्याकडं हायत की.”

हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात सगळ्या नातेवाइकांची भांडी गोळा करतात. चुकू नयेत म्हणून प्रत्येकानं नाव घातलेलं असतं. लग्न झालं की हाताला लागेल ते घेऊन प्रत्येक जण आपापल्या गावी जातो. त्यामुळे नावं अगदी स्पष्ट असतात, फक्त भांडी दुसऱ्याच्या घरात असतात. आमच्या कपाटात सगळं खानदान आहे आणि आम्ही हुबळीपासून चिकोडीपर्यंत पसरलेलो आहोत.

“नवीन कशाला घ्यायचं,” आई म्हणाली. “पैसे वाचले का न्हाई तुझे?”

वाचले होते. मी एक्सेलमध्ये ताटापुढचा एक काढून सहा लिहिला. पहिला तडा तिथं गेला.

दुपारी पप्पा पलंग बघायला म्हणून बाहेर पडले. चार वाजता टेम्पो घेऊन आले. टेम्पोत तीन दुमजली लोखंडी पलंग होते. म्हणजे झोपायच्या जागा सहा. शिवाय सहा दारांचं लोखंडी कपाट, प्रत्येक दाराला वेगळी किल्ली. सहा बादल्या. सहा मग. आणि हे सगळं झाकायला वरून एक मोठा फ्लेक्स.

“व्हाइटफील्डच्या पलीकडं एक पीजी बंद होतंय,” पप्पा म्हणाले. “सगळ्याचे मिळून नव्या एका पलंगापेक्षा कमी.”

“पप्पा, मला एक पाहिजे होता.”

“एक देत नव्हता. लॉट होता.”

“मी एकटी आहे.”

“एकट्या माणसाला जास्त लागतं. दुसऱ्याचं वापरावं म्हटलं तर दुसरा असतोय कुठं?”

या वाक्यातली चूक मी नंतर तीन दिवस शोधत होते.

पलंग जिन्यानं वर चढवताना सोयराबाई खाली दारात उभ्या होत्या. पहिला पलंग त्यांनी नुसता बघितला. दुसऱ्याला त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्याला पप्पांना विचारलं, “अण्णा, किती जण झोपणार?”

पप्पा खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे. “आत्ता एकच, अक्का. पण सोय असलेली बरी. उद्याचं कुणाला म्हाईत?”

सोयराबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

संध्याकाळी पप्पांनी पिशवीतून लाल ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश काढला. कारखान्यात प्रत्येक वस्तूवर नंबर असायचा. नंबर नसलेली वस्तू त्यांना अनवाणी वाटते. त्यांनी पलंगांवर एक ते सहा घातले, खालचे विषम, वरचे सम. कपाटाच्या दारांवर एक ते सहा. बादल्यांवर एक ते सहा. मग आईनं पापड गॅलरीत वाळत घातले. त्यांच्यावर कबुतरं बसतात म्हणून पप्पांनी तो फ्लेक्स गॅलरीला बाहेरून बांधला.

“छापलेली बाजू बाहेर का?” मी विचारलं.

“छापलेली पाण्याला टिकती.”

मी आतून बघितलं तर फ्लेक्स पांढरा होता. बाहेरून काय छापलंय ते बघायला खाली जायला हवं होतं. मी गेले नाही. माझ्या आयुष्यातला जिना चढण्याउतरण्याचा आळस मला कधी इतका महाग पडलेला नाही.

रविवारी सकाळी दूध उतू घालवायचं होतं. नव्या घरात पहिलं दूध भांड्याबाहेर जाऊ द्यायचं, हे आमच्याकडेही आहे आणि बंगळुरातही. त्यासाठी सोयराबाई आणि विठोजी अण्णा वर आले. सोयराबाईंच्या हातात नारळ होता. आत येता येता त्यांनी पलंग बघितले, कपाट बघितलं, किल्ल्या मोजल्या. नारळ तसाच हातात राहिला.

आईनं दूध गॅसवर ठेवलं आणि आधी सोयराबाईंना ताटात उप्पीट दिलं. सोयराबाईंनी ताटाचा काठ फिरवून वाचला.

“शिवलीला कोण?”

“माझी नणंद.”

“इथं असते?”

“न्हाई, हुबळीला.”

“मग तिचं ताट इथं कसं?”

“ते इथंच असतंय,” आई म्हणाली. “तिचं एकटीचं न्हाई, सगळ्यांची हायत.” आणि पुरावा म्हणून तिनं उरलेली पाच ताटं सोयराबाईंपुढे ओळीनं मांडली.

सोयराबाईंनी अंजली वाचलं. ठकुबाई वाचलं. दुसरी आणि तिसरी ठकुबाई वाचली. ‘गिरीराज व रघुजी बंधू’ला त्या थांबल्या.

“पुरुष पण?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“अक्का, मी एकटीच राहणार आहे. हे बघा.” मी मोबाइलवर एक्सेल उघडून दाखवलं. गादी एक, बादली एक, खुर्ची एक.

त्यांनी यादी वाचली. मग खोलीत नजर फिरवली. “म्हणजे मला दाखवायला वेगळी यादी करून ठेवलीस तू.”

“नाही अक्का, ती आधीची यादी आहे.”

“आधीपासून ठरवून?”

पप्पांना वाटलं मदत करावी. “अक्का, नंबर बघा. सगळ्याला नंबर हायत. कोण कुठं, कुणाची बादली कुठली, काय गोंधळ होणार न्हाई.”

“अकरा जण होते तेव्हा निदान नंबर नव्हते,” सोयराबाई म्हणाल्या. “रंजिता, आजच घर सोडायचं.”

चार वर्षं वाट बघितलेलं घर, आणि मी त्यात फक्त एकदा आंघोळ केली होती, तीही सहापैकी कुठली बादली घ्यावी या विचारात. मी शेवटचा उपाय केला. शिवलीला आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती हुबळीत तिच्या घरी बसलेली दिसली की प्रश्न मिटला.

आत्या दिसली. हुबळीत, तिच्या घरी, केसांना तेल लावून. मी फोन सोयराबाईंपुढे धरला. “या बघा शिवलीला आत्या. त्यांचं घर आहे तिथं. त्या इथं राहत नाहीत.”

आत्यानं सोयराबाईंकडे बघितलंच नाही. तिनं ताट बघितलं.

“वहिनी, ते माझं ताट.”

“तुझ्याकडं माझी दोन हायत,” आई म्हणाली.

“पण माझं बंगळूरला कशाला नेलंस? मला विचारलंस? ते काही नाही, मी गुरुवारी येते. अंजलीलाही घेऊन येते, तिचंही तिथंच दिसतंय. चार दिवस राहू, ताटं घेऊनच जाऊ.”

फोन बंद झाला.

“दोन गुरुवारी येणार,” सोयराबाई विठोजी अण्णांना म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात एक मुलगी उभी होती, पाठीवर सॅक, हातात बॅग.

“नमस्कार,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “मी हर्षिता. आनेकलहून आलेय. खाली बोर्ड बघितला. पलंग शिल्लक आहे का?”

मी गॅलरीत गेले आणि वाकून फ्लेक्स उलटा वाचला. मोठ्या अक्षरांत कन्नड आणि इंग्रजीत लिहिलं होतं: फक्त महिलांसाठी पीजी, घरगुती जेवण, जागा शिल्लक. खाली एक हसरी बाई ताट घेऊन उभी होती. बाईच्या चेहऱ्यावर पापडाचा एक तुकडा चिकटला होता.

मी परत आत आले तेव्हा आईनं हर्षिताला बसवलं होतं आणि ठकुबाईंच्या ताटात उप्पीट वाढलं होतं. जेवायच्या वेळी दारात आलेल्या माणसाला ती आधी खायला घालते, मग कोण आहे ते विचारते.

“शिल्लक आहेत की,” पप्पा म्हणाले. “पाच.” मी म्हटलं ना, ते खोटं बोलत नाहीत.

“अक्का, शपथ घेऊन सांगते,” मी म्हणाले, “मी हिला आज पहिल्यांदा बघतेय. पीजी बंद पडलंय. सामान तिथलं आहे. फ्लेक्स पापडासाठी आहे.” सगळं खरं होतं, पण ओळीनं म्हटल्यावर मलाच पटेना.

सोयराबाई हर्षिताकडे वळल्या. “तुला किती सांगितले हिनं?”

“अजून सांगितले नाहीत. पण आधीच्या ठिकाणी...” आणि ती एका पलंगाचे महिन्याला किती द्यायची ते तिनं सांगून टाकलं.

सोयराबाई खाली बसल्या. पलंग क्रमांक एकवर.

“एका पलंगाचे?”

“हो. इथं मेट्रो जवळ आहे, तर थोडे जास्त पण देईन.”

विठोजी अण्णांनी पेपरची घडी केली, ती काखेत धरली, आणि मी त्यांना ओळखू लागल्यापासून पहिल्यांदा बोलले.

“जेवण धरून?”

“जेवण वेगळं,” हर्षिता म्हणाली.

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. मला वाटतं त्यांच्या लग्नातसुद्धा त्यांनी एकमेकांकडे असं बघितलं नसेल. या सगळ्यात गॅसकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शुभ म्हणून थोडं दूध उतू जायचं असतं. आमचं सगळं गेलं.

“अक्का,” मी म्हणाले, “तुम्हाला एकटं माणूस पाहिजे होतं. ते अकरा जण, टाकी, पाणी...”

“ते अकरा जण एकाच्या भाड्यात राहत होते गं,” सोयराबाई म्हणाल्या. “पाण्याचं काय, स्वल्प मोठी टाकी बसवू.”

“पण हे माझं घर आहे.”

“आहे की. तुला कोण जा म्हणतंय? पलंग निवड.”

त्यांनी नारळ फोडला. पप्पा इतके खूश झाले होते की त्यांना बघून मला रागावताही येईना. लॉटमधला एकही नग वाया गेला नव्हता. असं कारखान्यात एकतीस वर्षांत एकदाही झालेलं नाही, असं ते सोयराबाईंना सांगत होते आणि सोयराबाई त्यांना अण्णा अण्णा करत किल्ल्यांना पण नंबर घालून मागत होत्या. आई गॅस पुसता पुसता मला हळूच म्हणाली, “बरं झालं बाई. तू एकटी राहणार म्हणून मला आठ दिवस झोप नव्हती.”

हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी कपाटाचं तीन नंबरचं दार उघडलं आणि माझे कपडे आत ठेवले.

संध्याकाळी आईपप्पांना बसमध्ये बसवून आले. हर्षिता वरच्या पलंगावर पाय सोडून बसली होती. मला शिंक आली. तिनं वरून ‘ब्लेस यू’ म्हटलं आणि मग ओळख वाढवावी म्हणून विचारलं, “अक्का, तुम्ही पीजीत किती वर्षं आहात?”

“चार,” मी म्हणाले. “मध्ये दीड दिवस सुट्टी घेतली होती.”