दगडूभाऊंची गादी

राजुरीत आमच्या शेजारी दगडूभाऊंकडे गेलं, की चहाच्या आधी एमआरआय येतो. ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून भाऊ विचारतात, "पावणं, तुमाला काय वाटतं? गादी बदलावी का न्हाई?" गादी म्हणजे मणक्यातली. माणूस लग्नाची पत्रिका द्यायला आलेला का असेना, मत दिल्याशिवाय त्याला कप मिळत नाही.

मी शाळामास्तर, म्हणून पुण्याच्या दवाखान्यांत कागद वाचायला मला नेतात. आतापर्यंत तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, खराब गादी काढून कृत्रिम बसवू, कंबर वाकत राहील. दुसरे म्हणाले, ही गादी नवीन निघालीय, वीस वर्षांनी तिचं काय होतं ते कुणी पाहिलंय? त्यापेक्षा दोन मणके स्क्रूनं जोडू. तिसऱ्यांनी दोघांनाही वेड्यात काढून व्यायामाचा कागद दिला.

भाऊ टोमॅटोवाले. नारायणगावच्या बाजारात जाणता व्यापारी क्रेटचा वरचा थर बघतच नाही, हात घालून तळाचा टोमॅटो काढतो. भाऊंनी डॉक्टरांनाही तोच न्याय लावला. पहिल्या डॉक्टरांचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वरचा थर बघितला, सायेब. आता खालचा दाखवा. ज्यांचं बिघाडलं त्यांच्याशी गाठ घालून द्या." मी आपला भिंतीवरचा सांगाडा बघत बसलो.

आणि प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न. "पन्नास किलो उचालता येतील का?" पहिले म्हणाले, बघू. दुसरे म्हणाले, विसरा. तिसरे नुसतेच हसले.

परतीच्या जीपमध्ये मी वैतागलो. "भाऊ, क्रेट भरतो पंचवीस किलोचा. पन्नास कशाला हवेत?"

"क्रेटला गडी हायेत, मास्तर," भाऊ म्हणाले. "सुमनला मीच लागतो."

सुमनवहिनींचे दोन्ही पाय तीन वर्षांपूर्वी लुळे पडले. रोज सकाळी भाऊ त्यांना उचलून ओट्यावर उन्हात आणून बसवतात. हे मी रोज बघत होतो आणि कंबरदुखीवर त्यांची चेष्टाही करत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन गेलो. एका बाजूनं भाऊ, एका बाजूनं मी, असं वहिनींना ओट्यावर आणलं. भाऊ उशी आणायला आत गेले, तशा वहिनी हळूच म्हणाल्या, "मास्तर, मी आत पडून समद्यांची मतं ऐकती. आता किती किलो भरत असंन मी? म्हैनाभर अर्धीच भाकर खाती."