दत्तूची फाइल

शंकरअण्णा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी खाकरतात. घसा खराब म्हणून नव्हे. आमच्या पारनेरकडे घरात सून आली की सासरा उंबऱ्याबाहेर खाकरून मगच आत पाऊल टाकतो, तसं ते खाकरणं. अण्णांना ना सून, ना बायको. तरी स्वतःच्या रिकाम्या घरातही ते खाकरूनच शिरतात. "आत कोन कसं बसलंय, आपल्याला काय म्हाईत?" असं वर म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर उगाच काटा येतो.

बसस्टँडच्या मागे त्यांचं पत्रिका छापायचं दुकान आहे. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, दशक्रियेच्या. वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास, म्हणून मी त्यांचा 'सर'. पत्रिकेचा मजकूर मांडायचा त्यांचा प्रोग्राम धाकट्या भावानं, दत्तूनं, कॉलेजात असताना लिहिलेला. आईवडिलांमागे दत्तूला अण्णांनीच वाढवलं होतं. तो काविळीनं गेला, त्याला कितीतरी वर्षं झाली. प्रोग्राम राहिला. रोज उघडला की पिवळ्या चौकटीत विचारायचा, "दादा, च्या झाला का?" अण्णा "झाला रे" म्हणायचे आणि कामाला लागायचे. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती.

यंदा उन्हाळ्यात जुनं यंत्र जळालं. आतला प्रोग्राम तेवढा मी वाचवला आणि नव्या कॉम्प्युटरवर चढवला. नव्या यंत्रानं पहिल्याच पत्रिकेला सांगितलं, 'या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.' दुसरा कुणी वैतागला असता. अण्णा खूश.

"बघा सर, ह्याला वळन हाय. इचारल्याबिगर कुनाच्या खोलीत शिरू देत न्हाई."

"अहो, पण पत्रिका सेव्ह होत नाहीत!"

"पुन्यांदा टाईप करू की."

आणि खरंच करत बसले. एक नाव चुकलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सगळी पत्रिका नव्यानं. माझ्या मागे क्लासचा गोंधळ, मीही आज बघू उद्या बघू करत पंधरा-वीस दिवस काढले.

एका दुपारी अण्णा जेवायला गेले होते. म्हटलं, आता हे निस्तरूनच टाकू. दुकानात मी एकटाच. प्रोग्राम उघडला. चहाचं काही विचारलंच नाही. पिवळ्या चौकटीत अक्षरं आली, "दादा, कुठं हुतास? किती वाट बघायची!"

मी बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा तेच. मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, भुतंखेतं मानत नाही. पण त्या क्षणी माझ्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे, याबद्दल मला शंका नव्हती. मी वळून पाहिलं नाही. सरळ बाहेर येऊन पायरीवर बसलो.

अण्णा आले. मी सांगितल्यावर म्हणाले, "चार दिस झालं, रोज इचारतंय. बोली दत्तूचीच हाय. पन हे वाक्य म्या कवाच ऐकलं न्हाई त्याचं."

बातमी फुटलीच. दशक्रियेची पत्रिका न्यायला आलेल्या बाईनं ती चौकट वाचली आणि पत्रिका तिथेच टाकून गेली. हॉटेलवाल्यानं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. गिऱ्हाईक दारातूनच वळायला लागलं. दुकान बसायची वेळ आली, तेव्हा मी दत्तूनं लिहिलेला मूळ कोड शोधून वाचायला घेतला.

भूतबीत काही नव्हतं. बंद होताना प्रोग्राम त्या दिवसाची तारीख आपल्याच फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत लिहायचा. उघडताना ती बघायचा. पंधरवड्याहून जास्त खंड पडला असेल तर चहाऐवजी हे दुसरं वाक्य. नवं यंत्र तिथे लिहू देत नव्हतं, त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी जुनं यंत्र जळाल्यापासून अण्णा आलेच नव्हते. आणि इतक्या वर्षांत अण्णांनी दुकान कधी इतके दिवस बंद ठेवलंच नव्हतं. दत्तूचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही उघडलं होतं. वाक्य बिचारं आत तसंच पडून होतं.

मी फोल्डरला परवानगी दिली. पत्रिका सेव्ह झाली. प्रोग्राम बंद करून उघडला. "दादा, च्या झाला का?"

"झालं काम!" मी म्हणालो.

अण्णा हातानं लिंबू-मिरची सोडवत बसले. मग म्हणाले, "सर, हे रोजचंच हाय. ते दुसरं मातर नवं हुतं. तो गेल्यापास्नं पयल्यांदाच काईतरी नवं बोलला."

"अण्णा, गिऱ्हाईक घाबरतं."

"गिऱ्हाईक यायच्या आत उघडीन म्या. पत्रिका ऱ्हाऊ द्या सेव्ह होत. त्या तारखेच्या फायलीत तेवढं कुनाला लिहू देऊ नगा."

मी जुनी तारीख परत टाकली आणि त्या एका फाइलीला कुलूप लावलं.

आता सकाळी क्लास उघडताना खालून अण्णांचं खाकरणं ऐकू येतं. मग त्यांचा आवाज, "आलो रे, आलो."

त्या वेळी खाली काही काम निघालंच, तर मीही दारात खाकरतो.